खाली लाल घालून पाहावं

“बाबा, ताताचे डोळे ग्रीन का आहेत?” रुचानं विचारलं तेव्हा मी तसबिरीवरचा खाकी कागद नुकताच फाडला होता आणि त्याचा बोळा कुठं टाकावा एवढाच विचार माझ्या डोक्यात होता. सकाळचे साडेसात वाजले होते. फोटो लॅबचा माणूस आमच्या वेस्ट मांबलमच्या घराचे तीन जिने चढून, धापा टाकत, तसबीर दाराशी टेकवून गेला होता. आज अप्पांचा तेरावा. अप्पा म्हणजे व्यासराज राव, माझे सासरे, रुचाचे ताता; मैलापूरच्या तळ्याजवळच्या फोटो स्टुडिओचे मालक, आणि वीस वर्षं माझेही मालक. दहापासून माणसं यायला लागणार होती, अकराला हेमाच्या चुलतभावाच्या, व्यंकटेशच्या हातून तसबिरीला हार पडायचा होता, मग पानं. स्वयंपाकघरातून हेमा आचाऱ्याला काहीतरी सांगत होती. मी तसबीर हातभर लांब धरली. अप्पा तेच होते. कपाळावर गोपीचंदन, मधोमध अंगाऱ्याची काळी रेघ, खांद्यावर पांढरं अंगवस्त्र. मागे स्टुडिओतला जुना रंगवलेला पडदा: तळं, संगमरवरी पायऱ्या, एक हंस, आणि अप्पांच्या डोक्यामागे गर्द झाडी. तीच झाडी त्यांच्या डोळ्यांतही होती. उजव्या डोळ्याचं बुबुळ शाबूत होतं, त्याच्या दोन्ही बाजूंचं पांढरं तेवढं हिरवं झालं होतं. डावा डोळा मात्र पापण्यांच्या आत सगळाच्या सगळा हिरवा. बुबुळ नाही, काही नाही. माणसाच्या चेहऱ्याला दोन भोकं पडावीत आणि त्यातून पलीकडची झाडं दिसावीत, तसं. “आईला सांगू?” रुचा म्हणाली. मी म्हटलं, “नको. तू आत जा, केळीची पानं पूस.” आणि तसबीर घेऊन अप्पांच्या खोलीत शिरलो, दार लोटून घेतलं.

काय झालं ते मला पाहताक्षणी कळलं होतं. त्यात नवल नाही, असलं काही कळणं हेच माझं पोटापाण्याचं काम आहे. पेरुंगुडीला आमचं ऑफिस आहे. परदेशातल्या दुकानांच्या कॅटलॉगांसाठी वस्तूंचे फोटो आमच्याकडे येतात, बूट, पर्सा, दिवे, खुर्च्या, आणि आम्ही वस्तू तेवढी ठेवून तिच्या मागचं सगळं काढून टाकतो. मागचं काढलं की स्क्रीनवर त्या जागी बारीक करड्या-पांढऱ्या चौकटी दिसतात, लुंगीच्या कापडासारख्या. त्या चौकटींचा अर्थ एवढाच की इथं आता काही नाही, मागे जे ठेवाल ते इथून दिसेल. पासष्ट पोरंपोरी दिवसभर हे कापण्याचं काम करतात आणि सत्तेचाळीस वर्षांचा मी त्यांनी कापलेलं तपासतो. तपासायची रीत साधी आहे. कापलेल्या चित्राच्या खाली भडक लाल रंगाचा थर घालायचा. चौकटींवर नजर फसते, पांढऱ्यावर तर हमखास फसते. कुठं कड कुरतडली गेली, कुठं आतच भोक पडलं, ते लालवर लपत नाही. दिवसातून पन्नासदा मी कुणाच्या ना कुणाच्या खुर्चीमागे जाऊन तेच बोलतो, खाली लाल घाल, लाल घालून पाहिल्याशिवाय पाठवू नकोस. पोरं मागे मला ‘रेड सार’ म्हणतात. मला ठाऊक आहे, मी ताकास तूर लागू देत नाही. संध्याकाळपर्यंत मान धरलेली असते, डोळे चुरचुरत असतात, आणि सहाच्या व्हॅनमध्ये बसून डोळे मिटले तरी आत चौकटीच दिसतात.

गुरुवारी दिवसभर तारेच्या टोपल्या होत्या. फळं ठेवायच्या, विणलेल्या, हजार भोकांच्या. एकेक भोक हातानं कापत बसलं तर वर्ष जाईल, म्हणून तिथं जादूची कांडी वापरतात. नाव मोठं, काम एवढंच की ज्या रंगावर टिचकी मारू तो रंग ती उचलते. त्यात एक बरोबरची खूण असते. ती ठेवली तर कांडी टिचकीला लागून असलेलाच रंग घेते. काढून टाकली तर चित्रात कुठंही, कोपऱ्यात, मधे, जिथं तो रंग सापडेल तिथून उचलते. टोपल्यांसाठी मी ती खूण काढली होती. पावणेसहाला अप्पांचा फोटो उघडला. ऐंशीव्या वाढदिवसाचा, हेमानं काढलेला. न्हाऊन आलेले अप्पा, मागे आमच्या हॉलची पांढरी भिंत. खूण परत ठेवायचं मनातही आलं नाही. भिंतीवर टिचकी मारली. भिंत गेली, तिच्याबरोबर अंगवस्त्र गेलं, निम्मे केस गेले. वैतागलो. ते दोन फराटे मारून परत आणलं. आणखी तीन टिचक्या, आणि झालं. चेहरा स्क्रीनवर अंगठ्याएवढा होता, तो मोठा करून पाहिला नाही. खाली लाल घातला नाही. खाली व्हॅनचा हॉर्न वाजत होता. बुटांच्या एका जोडीला मी पोरांना पाऊण तास देतो, आणि ज्या माणसानं माझ्या हातात ब्रश धरवला त्याला मी पाच मिनिटं दिली नाहीत.

आणि हे हेमानं मागितलं होतं, हीच खरी दुखरी जागा. अप्पा गेल्याच्या चौथ्या दिवशी ती माझ्यासमोर येऊन बसली. तिच्या हातात दोन फोटो होते, एक हा वाढदिवसाचा आणि दुसरा नुसत्या रिकाम्या पडद्याचा. स्टुडिओ बंद झाला त्या दिवशी तिनं तो पडद्यासमोर एकटीनं उभं राहून काढला होता. “अप्पांच्या मागे पडदा पाहिजे,” ती म्हणाली. “भिंतीपुढं ते कुणाचे तरी वाटतात. चाळीस वर्षं अस्की, सगळं मैलापूर त्या पडद्यापुढं बसवलं, आपण स्वतः एकदा बसले नाहीत. तुम्ही मागची भिंत काढून द्या, पडदा लॅबवाले घालतील. पण हातानं करा हं. घाई नको.” लग्नाला अठरा वर्षं झाली, हेमानं माझ्याकडे काही मागितल्याचं आठवायचं तर बोटं मोजावी लागत नाहीत. गुरुवारी रात्री जेवताना तिनं विचारलं, “झालं?” मी म्हणालो, “दोन तास बसलो होतो.” का म्हणालो? विचारलं नव्हतं तिनं किती वेळ बसलात म्हणून. थकलेला माणूस खोटं बोलतो ते फायद्यासाठी नाही, पुढचा प्रश्न टाळायला बोलतो. पण तिनं पुढचा प्रश्न विचारला नाही. माझ्या पानात आणखी थोडं रसम वाढलं आणि तोंड फिरवून पदरानं डोळे पुसले. पाच वर्षांत पहिल्यांदा तिला वाटलं असावं की मी तिच्या बापाचं काही देणं मानतो. ते तिला वाटू दिलं मी. आता अकरा वाजता तिच्यासमोर, तिच्या सगळ्या माणसांसमोर ही तसबीर उभी राहिली की तिला काही सांगावं लागणार नव्हतं. ती रिटचरची मुलगी आहे, फोटोतली डागडुजी तिच्या नजरेतून सुटत नाही.

अप्पांच्या खोलीत अजून अप्पांचा वास होता, गोपीचंदनाचा, अमृतांजनाचा आणि कुठल्यातरी जुन्या रसायनाचा. मी पलंगावर बसलो. काय करता येईल ते मोजून पाहिलं, फार काही नव्हतंच. रविवार, ऑफिस बंद. कॅमेऱ्यातला मूळ फोटो रुचानं शाळेच्या सहलीसाठी पुसून टाकलेला. लॅब साडेदहाला उघडणार आणि उघडून माझ्याकडे द्यायला दुसरं काही नाहीच. ही तसबीर न लावता तेराव्याच्या पत्रिकेतला साधा फोटो लावा म्हणावं, काच फुटली म्हणावं. खरंच फोडावी काच? तेवढीही उमेद नव्हती. मग पलंगाखाली हात घातला आणि मला ठाऊक होतं तिथंच ती पेटी हाताला लागली. लाकडी, बिस्किटाच्या डब्याएवढी. आत अप्पांचे तीन ब्रश, पांढरी बशी, रंगांच्या वाळलेल्या नळ्या, आणि भिंग. पाच वर्षांत मी तिला हात लावला नव्हता. ती या खोलीत आहे म्हणून मी या खोलीत फारसा येतही नसे.

आम्ही मूळचे मनमाडचे. वडील रेल्वेत, पेरंबूरच्या डब्यांच्या कारखान्यात बदली होऊन आले तेव्हा मी चार वर्षांचा होतो. बी.एस्सी.ला दोनदा आपटल्यावर त्यांनी मला मैलापूरला अप्पांच्या स्टुडिओत नेऊन बसवलं. अप्पांची मराठी तंजावरची, तीनशे वर्षांपूर्वीची. वडिलांना त्यातलं निम्मं कळलं नाही, पण बाहेर पडताना ते म्हणाले, “आपला माणूस आहे,” आणि त्या तीन शब्दांवर मी तिथं वीस वर्षं काढली. एका लांब मेजावर खिडकीकडे तोंड करून आम्ही दोघं बसायचो, अप्पा डावीकडे, मी उजवीकडे. निगेटिव्हवर पेन्सिल, प्रिंटवर ब्रश. देवीचे वण बुजवायचे, म्हाताऱ्यांच्या गळ्याखालच्या सुरकुत्या हलक्या करायच्या, फ्लॅश पडताना कुणाचे डोळे मिटले असतील तर मिटलेल्या पापण्यांवर उघडे डोळे काढायचे. तिरळे डोळे सरळ करायचे. फूल पडलेला डोळा असेल तर दुसऱ्यावरून बेतून तिथं छान काळं बुबुळ बसवायचं. आमच्या स्टुडिओतून कुणी अधू डोळ्यानं बाहेर पडलं नाही. अप्पा कडक सोवळ्याचे, बाहेर पाणीसुद्धा पीत नसत, आणि दिवसभर ब्रशला ओठांवर टोक काढत. चकचकीत प्रिंटवर रंग धरत नाही, थुंकीचं बोट फिरवलं की धरतो. तेही बेलाशक करायचे. मी एकदा विचारलं तर म्हणाले, “सोवळं पायरीपर्यंत. आत धंदा.” पहिल्याच महिन्यात मी एका गिऱ्हाईक मामीच्या डोळ्यांना शुभ्र पांढरा लावला होता. अप्पांनी प्रिंट उचललं, हसले. “डोळ्याचं पांढरं कधी पांढरं नसते, गजेंद्रा. पांढरं लावलास की पिशाच्च होते. अगोदर माणसाला बघ. बघून झालं मणजे मग रंग कालव.”

मी तसबिरीच्या पाठचे खिळे चमच्याच्या दांड्यानं उपसले. पुठ्ठा काढला, काच बाजूला ठेवली, प्रिंट मेजावर पसरलं. बशीत पाण्याचे थेंब टाकून नळीतला वाळका पांढरा चोळला, थोडा पिवळा, किंचित तपकिरी. थोडी नीळ? आणि तिथं माझा हात थांबला. अप्पांच्या डोळ्यांचं पांढरं कसं होतं? पिवळट? तांबूस? शिरा होत्या? बुबुळ काळं की घारं? उजवं समोर प्रिंटमध्ये होतं, काळसर तपकिरी. डावं तसंच असणार म्हणा. पण डोळे मिटून अप्पांना आठवायचा प्रयत्न केला तर मला त्यांचा हात दिसे, अंगठ्याचं पिवळं नख, कानावरचे केस, चष्म्याची जाड काळी काडी. चष्म्याच्या आत काही नाही. त्यांच्या काचा उन्हात काळ्या व्हायच्या त्या सावलीतही पुरत्या निवळायच्या नाहीत. पण हे म्हणजे सबब झाली. वीस वर्षं एका मेजावर बसलो, शेवटची चार वर्षं एका घरात राहिलो, आणि मी त्या माणसाच्या डोळ्यांत कधी पाहिलं नव्हतं. मेजावर आम्ही दोघंही खाली पाहायचो. आणि त्यानंतर मी खालीच पाहायचो.

त्यानंतर म्हणजे दोन हजार एकनंतर. शेवटच्या तीन-चार वर्षांत अप्पांचं काम बिघडायला लागलं होतं. ब्रश कागदाला टेकायच्या आधीच टेकला असं वाटून थबकायचा, नाहीतर धसकन टेकून डाग पडायचा. पाण्याची वाटी हाताला लागून सांडायची. कॉफी एका पेल्यातून दुसऱ्यात ओतताना निम्मी बाहेर. मी मनात म्हणायचो, म्हातारा हट्टी आहे, हात चालत नाही तर सोडत का नाही. मग बँकेतल्या एका साहेबांच्या मुलीच्या लग्नाचा मोठा फोटो आला. नवरीच्या गालावर, चमकीच्या बाजूला, अप्पांचा ब्रश पडला आणि तांदळाएवढा डाग उमटला. तो काढायला गेले आणि पसरला. साहेब दुकानात उभे राहून ओरडत होते. अप्पा प्रिंट तिरकं धरून, मान वळवून पाहत होते, जणू डाग त्यांना सापडतच नव्हता. मला सहन झालं नाही. मी म्हणालो, “पुरे अप्पा. हात थांबवा आता. लोकांचे फोटो खराब करण्यापेक्षा घरी बसा.” आणि साहेबांना कळावं म्हणून तेच पुन्हा तमिळमध्ये बोललो. ते दुसऱ्यांदा बोललो ना, ते मला अजून ऐकू येतं. अप्पा म्हणाले, “सरी.” बरं, एवढंच. ब्रश धुतला, ओठांवर त्याचं टोक काढलं, पेटीत ठेवला. पुढच्या महिन्यात मी पेरुंगुडीला लागलो. त्याच्या पुढच्या वर्षी स्टुडिओ बंद झाला, पडदा एका शाळेनं नाटकाला म्हणून नेला, आणि अप्पा आमच्याकडे राहायला आले. अबोला वगैरे काही नव्हता. “व्हॅन आली की काय? कापी प्यालास?” एवढं रोज विचारायचे. मी हो म्हणायचो. कधीकधी मी चपला घालत असताना ते दाराशी येऊन उगाच उभे राहायचे, तोंड माझ्याकडे करून. मला वाटायचं, काहीतरी बोलायचं असेल, आणि व्हॅन गाठायची असायची.

साडेआठ झाले होते. रंग वाळायला लागला होता. वाढदिवसाच्या फोटोची एक छोटी प्रत हेमाच्या कपाटात होती, ती पाहिल्याशिवाय माझं पुढं जाणार नव्हतं, आणि ती हेमाकडे मागितल्याशिवाय मिळणार नव्हती. दार किलकिलं करून मी रुचाला हाक मारली. “आईकडून ताताचा बर्थडेचा फोटो आण. छोटा.” मला वाटलं, ती आणून देईल, मी दारातून घेईन. दोन मिनिटांनी दार उघडलं ते हेमानंच. एका हातात फोटो, दुसऱ्या हातावर ओलं खोबरं. तिनं मेजाकडे पाहिलं, उपसलेले खिळे, काच, पेटी, बशी. मग प्रिंटकडे पाहिलं. बाहेर मांबलम स्टेशनवरून एक गाडी निघून गेली. मी उठून उभा राहिलो, मास्तरांसमोर राहतात तसा.

“दोन तास बसला होतात नव्हं?” ती म्हणाली.

“पाच मिनिटं,” मी म्हणालो. “तेवढीही नाहीत. व्हॅन आली होती.”

मला वाटलं होतं ती रडेल, नाहीतर तसाच फोटो टाकून जाईल. तिनं दार आतून लावलं, पदराला हात पुसला आणि पलंगाच्या कडेला बसली. “सरी,” ती म्हणाली, अगदी अप्पांसारखी. “आता नीट करा. दीड तास आहे.” आणि छोटा फोटो माझ्यापुढं धरला.

मी भिंग लावलं. वाढदिवसाच्या दिवशी न्हाऊन आल्यामुळे चष्मा नव्हता, पापण्या ओल्या होत्या. उजव्या डोळ्याचं पांढरं पिवळसर, कोपऱ्यात एक तांबडी शीर. बुबुळ काळसर तपकिरी, त्यात खिडकीचा उजेड. भिंग डाव्या डोळ्यावर सरकवलं. तिथं बुबुळ नव्हतं. म्हणजे होतं, पण त्याच्यावर नारळाच्या दुधाचा थेंब पडून साकळावा तसं, कडेपासून कडेपर्यंत पांढरं. खिडकीचा उजेड त्यात नव्हता. मी पुन्हा प्रिंटकडे पाहिलं, पुन्हा छोट्या फोटोकडे. उजव्या डोळ्याचं कांडीनं पांढरं तेवढं उचललं होतं. डावा सगळा उचलला, कारण डावा सगळाच पांढरा होता. कांडीनं काही चूक केली नव्हती. जिथं पांढरं सापडलं तिथून घेतलं.

“हेमा, हा डोळा...”

“आता दिसला?” ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.

“कधीपासून?”

“अठ्ठ्याण्णव. काचबिंदू. कळला तवर आतली नस सुकून गेलती. मग वर मोती चढला. डॉक्टर सांगट्ले, काढून उपयोग नाही, दिसणार नाही. मणून तसाच ठेवला. एका डोळ्यानं लांब-जवळ कळत नाही मणतात. कागद कोठ आहे, वाटी कोठ आहे, हात लावल्यावरच कळणार.”

अठ्ठ्याण्णव. म्हणजे ते धसकन टेकणं, ती सांडलेली वाटी, नवरीच्या गालावरचा डाग, प्रिंट तिरकं धरून मान वळवणं. मी अगदी शेजारी बसलो होतो, हातभरावर. अख्ख्या मद्रासचे वण आणि डाग शोधून काढणारा मी.

“मला का नाही सांगितलंत?” मी विचारलं, आणि विचारतानाच मला लाज वाटली.

“मी सांगणार होते. अप्पांनी शपथ घातली. मणाले, गजेंद्र रिटचर आहे. रोज माझ्या बाजूला बसतो. मी सांगायची गरज काय? त्याला दिसणार, दिसलं की तो आपणच विचारेल.” हेमा खोबऱ्याचा हात पदराला पुसतच होती, पुसून झाला होता तरी. “त्या नवरीच्या फोटोचं झालं त्या दिवशी मी मणाले, आता तर सांगते. तर नको मणाले. आता सांगट्लो तर सबब वाटेल.”

“आणि नंतर? इथं आल्यावर?”

“इथं आल्यावर काय. सकाळी तुम्ही निघताना कण्णाडी काढून दाराशी उभे राहायचे.”

चष्मा काढून. मी चपलांकडे पाहत असायचो. चार वर्षं, रोज सकाळी, साडेसातला. मला बसवेना आणि उभंही राहवेना. मी त्या माणसावर रागावलोसुद्धा, एक क्षणभर. कसली ही परीक्षा, तोंड होतं ना बोलायला? पण तोही राग टिकला नाही. माझा गुरू होता तो. अगोदर माणसाला बघ, एवढंच त्यानं शिकवलं होतं, आणि मी शिकलो की नाही हे तो आठ वर्षं पाहत उभा होता. मी मेजावर डोकं टेकलं आणि रडलो. हेमानं पाठीवर हात ठेवला नाही. तिनं बशीत दोन थेंब पाणी घातलं आणि वाळलेला रंग अप्पांच्या ब्रशच्या दांड्यानं ढवळायला लागली.

मग मी काम केलं. बोटाला थुंकी लावून प्रिंटवरच्या दोन्ही डोळ्यांवरून हलकं फिरवलं. ब्रशला ओठांवर टोक काढलं. जुन्या रंगाची कडवट चव होती, पाच वर्षांपूर्वीची, अप्पांच्या तोंडचीही असेल. उजव्या डोळ्याला पिवळसर पांढरा भरला, कोपऱ्यात एका केसानं तांबडी शीर ओढली. डाव्या डोळ्याशी आलो तेव्हा सव्वानऊ झाले होते आणि जिन्यात व्यंकटेशचा आवाज ऐकू येत होता. बशीच्या कडेला मी सवयीनं काळा आणि तपकिरी कालवून ठेवला होता. उजव्यावरून बेतून एक बुबुळ, त्यात उजेडाचा ठिपका, दहा मिनिटांचं काम. स्टुडिओची रीतच ती. अकराला येणाऱ्यांपैकी कुणालाच अप्पांचा डोळा ठाऊक नव्हता, कुणी काही विचारलं नसतं. मी हेमाकडे पाहिलं. तीही काळ्याकडे पाहत होती. हे तिनं माझ्यावर सोडलं होतं. मी काळा पुसून टाकला. पांढऱ्यात नीळ घातली, अगदी सुईच्या टोकाएवढी, आणि छोटा फोटो भिंगाखाली ठेवून डावा डोळा जसा होता तसा भरायला घेतला. कडेला किंचित करडा, मधे दुधाळ. त्यात हिरवं राहिलं नाही. वेळ लागला. व्हॅन नव्हती.

“ओला आहे,” मी म्हणालो. “काच लगेच लावता येणार नाही.”

“मी धरते,” हेमा म्हणाली. तिनं प्रिंट दोन्ही हातांनी कडांना धरून उचललं आणि पलंगावर बसूनच उभं धरलं, तोंड माझ्याकडे करून. तिचा चेहरा मागे झाकला गेला. समोर अप्पा होते, त्यांच्या पडद्यापुढं बसलेले, चष्मा काढून. दारावर थाप पडली, “हेमक्का, हार आलाय,” व्यंकटेश बाहेरून म्हणाला. आम्ही दोघंही उठलो नाही. मी खुर्ची थोडी पुढं ओढली, इतकी की डाव्या डोळ्यावरचा ओला रंग चमकताना दिसला, आणि पाहत राहिलो.

“अप्पा,” मी विचारलं, “डाव्या डोळ्याला काय झालंय?”